मैनाबाईची धुतल्या नाकाची डुकरे

मूर्तिजापूरच्या जनावरांच्या दवाखान्यातील मदतनीस वामनराव यांच्या हाताखालून गाईम्हशी पुष्कळ गेल्या. परंतु त्यांची खरी परीक्षा घेतली ती डुकरांनी. सत्तावन्नच्या फ्ल्यूने माणसे अंथरुणाला खिळली, तेव्हा हा रोग डुकरांनाही जडतो काय, हे पाहण्याचे सरकारने ठरविले. खोकणाऱ्या डुकराच्या नाकपुडीत कापूस गुंडाळलेली काडी फिरवायची, बाटलीत बुडवायची आणि बाटली बर्फात घालून प्रयोगशाळेकडे रवाना करायची, हे काम वामनरावांकडे आले.

स्टेशनापलीकडे मैनाबाईने डुकरे पाळली होती. ती खोकत, हे साऱ्या वस्तीला ऐकू येई. तरीही प्रयोगशाळेने दोनदा कळविले की, नमुन्यांत पाण्यापलीकडे काही नाही. वरिष्ठांनी बोलावून विचारले, "वामनराव, तुम्ही डुकरांजवळ जाता, की घरीच काड्या भिजवता? पुन्हा असेच झाले, तर मी वेगळा अर्थ घेईन."

प्रामाणिकपणावरचा हा डाग वामनरावांना झोंबला. या खेपेस ते कळविलेल्या वेळेआधीच पोहोचले. पाहतात तो मैनाबाई एका डुकरिणीला गुडघ्याशी दाबून कडुलिंबाच्या कोमट पाण्याने तिच्या नाकपुड्या धूत होती.

"हे काय करून राहिली, बाई?"

"वा! साहेब येनार, अन् नाक गयत ठेवू? लोकं म्हनतीन, मैनाबाईच्या घरी रीत नाही, वयन नाही."

"मले ते गयतंच पायजे!"

"तुमाले पायजे असन. तुमी पोरगी पाहाले गेले, तं ते काय शेंबूड घेऊन समोर येते?"

"अवो, मी पाव्हना नाही. सरकारी मानूस हावो."

"मंग तं आनखी धुवा लागन!"

वामनराव कपाळाला हात लावून ओट्यावर बसले. मैनाबाईने नेहमीप्रमाणे विचारले, "चा ठेवू?" त्यांनी नेहमीप्रमाणे सांगितले, "पोट बरं नाही."

"तुमचं पोट माह्याच दारात बिघडते," ती हसली. "घरच्या मानसासाठी कोन नाक धुते? पन घरचा मानूस चा पेते."

येथे प्रश्न रोगजंतूंचा राहिला नाही. वामनराव शेतकरी घराण्यातले. डुकरे पाळणाऱ्यांच्या घरचे पाणीदेखील त्यांच्या गावात चालत नसे. जो हात डुकराच्या नाकापर्यंत निःसंकोच जात होता, तो माणसाच्या कपापर्यंत जात नव्हता. ही विसंगती त्यांना त्या ओट्यावर प्रथमच स्वच्छ दिसली. बाटल्यांसाठी आणलेला बर्फ वितळत होता.

"ठेवा," ते म्हणाले. "साखर कमी."

"साखर मी टाकीन तितकी."

कपाची दांडी तुटलेली होती आणि चहा पाकासारखा होता. वामनरावांनी तो संपविला. मैनाबाईने कपाचा तळ नीट निरखला आणि न धुतलेली दोन डुकरे शेंबडासकट पुढे लोटली.

"घे, भाऊ."

प्रयोगशाळेचे उत्तर आले: नमुने उत्तम, फ्ल्यू आढळला नाही. वरिष्ठांनी शब्द मागे घेतले. घरी मात्र चहाची गोष्ट कळताच पत्नी कौशल्येने जाब विचारला, "डुकराले हात लावून आले का आंग धुता. आता पोट कसं धुसान?"

"काहून धुवाचं? आता तं ते बरं झालं!"

पुढच्या हिवाळ्यात वामनराव शिंकतच मैनाबाईकडे गेले. तिने त्यांना ओट्याखालीच थांबविले आणि कडुलिंबाच्या पाण्याचे भांडे त्यांच्यापुढे ठेवले.

"माह्या जनावराइले तुहं पडसं नोको देऊ. आदी नाक धू, भाऊ. मंग चा."