पोचल्याशिवाय झाडू नाही

राजुरीत आमच्याकडे माणूस गावाला गेलं की ते पोचल्याचा निरोप येईपर्यंत मागे घर झाडत नाहीत. बायको बेल्ह्याला बहिणीकडे गेली तर थोड्या वेळात फोन येतो, झाडू फिरतो आणि विषय संपतो. ती शिकागोला निघाली तेव्हा हा नियम किती लांबेल, याचा विचार कुणी केलाच नव्हता.

लेकीचं पहिलं बाळंतपण. खरं तर तिनं माहेरी यायचं, पण डॉक्टरांनी विमानात बसायला मनाई केली. म्हणून माहेरच तिकडे निघालं: डिंकाचे लाडू, खारीक-खोबरं आणि पुण्यापलीकडे एकटी कधी न गेलेली माझी बायको. तिला सकाळी मुंबईच्या विमानतळावर सोडून मी घरी आलो. स्वयंपाकघरात खोबऱ्याचा कीस सांडलेला तसाच होता.

संध्याकाळी जावयाचा फोन आला. लेकीला आठवडाभर आधीच कळा सुरू झाल्या होत्या आणि आई कधी पोचेल, एवढंच ती विचारत होती. मी मोबाइलवर दोन विमानतळांमधलं अंतर काढलं. तेरा हजार किलोमीटर, सोळा तास. बोटांवर मोजून ठणकावून सांगितलं की तुमच्या दुपारी पोचतेय. मग चहा घेताना डोक्यात उजेड पडला. ते सगळं न थांबता जाणाऱ्या विमानाचं होतं. हिला दुबईला उतरून दुसरं विमान पकडायचं होतं आणि तिथं बराच वेळ नुसतं बसायचं होतं. मी उलट फोन केला, तर जावई उचलेना. हिचाही लागेना.

जिवाला चैन नव्हती. गोठ्यात जाऊन शेण काढलं. गाईंना पुन्हा पाणी दाखवलं, त्यांनी तोंडही लावलं नाही. मोबाइलवर विमान शोधत अंगणात येरझारा घालताना मला बघून शेजारी म्हणाला की खोडदला जाऊन विचारा राव, तिथल्या दुर्बिणीच्या अँटेना आभाळच बघत असतात, त्यांना दिसत असेल. एरवी हसलो असतो, तेव्हा त्याचा रागच आला. तेवढ्यात भाकरी घेऊन आलेल्या भावजयीनं तो कीस बघून झाडू उचलला. मी धावत आत जाऊन तो तिच्या हातातून हिसकावूनच घेतला.

झाडू हातात असतानाच लेकीचा फोन आला.

"पप्पा, घर झाडलं नाय ना?"

कॉलेजात असताना हीच पोरगी या नियमावरून आम्हाला चिडवायची.

"न्हाई झाडलं," मी म्हणालो. "पण पोरी, मगाशी माझं चुकलं. आईला लई उशीर व्हईल. तुला एकटीलाच करावं लागंल."

तिनं आधी एक कळ सोसली.

"बरं," ती म्हणाली. "पण झाडू नका."

पहाटे धारा काढत असताना जावयाचा मेसेज आला, मुलगी झाली. बायको तेव्हा कुठल्यातरी समुद्रावर होती आणि आपण आजी झालो हे तिला ठाऊक नव्हतं. भावजय पेढे घेऊन आली. कीस पायाखाली येत होता, पण झाडूला तिनंही हात लावला नाही.

दुपार कलल्यावर लेकीचा फोन आला. मागे बायको नातीशी काहीतरी बोलत होती.

"दोघी पोचल्या, पप्पा. आता झाडा."

मी झाडू घेऊन स्वयंपाकघरात गेलो आणि तिथंच खाली बसून रडलो.