.साडीची मालकीण

सोनाली बोरसेला पगार मिळायचा तो काही न करण्याचा.

नंदुरबारहून सुरतच्या डिंडोलीत आलेल्या लूम कारागिराची ही मुलगी कॉम्प्युटरचा कोर्स करून रिंगरोडच्या कापड व्यापारी मंडळात लागली, तेव्हा काम खरं होतं. मंडळाने इंटरनेटच्या पत्त्यांसाठी स्वतःचं शेपूट मिळवलं होतं: '.साडी'. ज्या दुकानाला हे शेपूट हवं, त्याने मंडळाकडे यायचं. सोनाली अर्ज तपासायची, नाव द्यायची, मुदत वाढवून द्यायची. मग हे सगळं आपोआप करणारी यंत्रणा आली. सोनालीला काढायचं कुणी, यावर कमिटीत एकमत होईना, म्हणून तिला 'देखरेख अधिकारी' केलं.

"फक्त बघायचं," अध्यक्ष योगराजभाईंनी बजावलं. "हाथ लगाडवानो नथी."

बघता बघता तिला एक दिवस यंत्रणेचा प्रश्न दिसला: खात्याचे प्रमुख बन्सीलाल वाणी अजून तेच आहेत ना? बन्सीलालशेठ म्हणजे मंडळाचे संस्थापक. ते वारले होते. शोकसभा थाटात झाली होती, यंत्रणेला मात्र कुणी कळवलं नव्हतं.

"शेठ गेलेत हे यंत्रणेला सांगायला हवं," सोनाली योगराजभाईंना म्हणाली.

"ऑटोमेटिक आहे ना ती? कळेल तिला."

तिला कळलं नाही. शेठजींचं उत्तर आलं नाही, तेव्हा नियमावर बोट ठेवून तिने मंडळाचंच नाव बंद केलं. योगराजभाई त्या वेळी पत्रकारांना सांगत होते की इथे वशिला चालत नाही, सगळ्यांना एकच न्याय. त्यांच्या मागच्या पडद्यावर मंडळाची साइट उघडली आणि अक्षरं आली: 'या नावाचा मालक सापडत नाही.' पत्रकारांना वाटलं, हाही कार्यक्रमाचाच भाग. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

तक्रारीचा ईमेल त्याच बंद नावावर होता. यंत्रणा बनवणाऱ्या कंपनीला फोन लावला, तर रेकॉर्ड केलेल्या बाईने तक्रार ईमेलवर पाठवायला सांगितली. दुकानदारांच्या मुदती संपू लागल्या, पण मंडळाचं खातंच बंद असल्याने त्या वाढेनात. रोज सकाळी दोन-चार दुकानं इंटरनेटवरून गायब व्हायची आणि त्यांचे मालक ऑफिसात हजर व्हायचे.

आता एकच वाट उरली होती. त्या प्रश्नाचं उत्तर फक्त बन्सीलालशेठच्या फोनवरूनच देता येत होतं आणि फोन कतारगामला त्यांच्या पत्नीकडे, पुष्पाबाईंकडे. त्यात शेठजींनी भरलेली भजनं त्या रोज ऐकत. योगराजभाई सोनालीला घेऊन तिथे पोचले.

"ये बेटा, बठ," पुष्पाबाई सोनालीला अहिराणीत म्हणाल्या. योगराजभाईंना त्यांनी खुर्ची दाखवली.

फोनवर प्रश्न उघडला: 'आपण बन्सीलाल वाणी आहात का?' खाली 'होय' आणि 'नाही'.

"होय दाबा, भाभी," योगराजभाई म्हणाले. "बाकी सगळं आम्ही बघतो."

पुष्पाबाईंनी चष्मा पुसला. "त्या तं ग्यात," शेठजींच्या फोटोकडे बघत त्या सोनालीला म्हणाल्या. "मंग हो कसं म्हनू?"

त्यांनी 'नाही' दाबलं. योगराजभाईंनी डोळे मिटून घेतले. यंत्रणेला मात्र काहीच वाटलं नाही. तिने पुढचा प्रश्न टाकला: 'मग आता प्रमुख कोण?'

योगराजभाई डोळे उघडेपर्यंत पुष्पाबाईंनी स्वतःचं नाव लिहायला घेतलं होतं. त्या 'ष्प'पाशी अडल्या. तो कुठून आणायचा, हे सोनालीने दाखवलं. दाखवताना 'हात लावायचा नाही' हे तिला आठवलं, पण तिने बोट मागे घेतलं नाही.

दुपारपर्यंत सगळी दुकानं परत दिसू लागली. प्रमुख बदलायचा तर प्रमुखाचीच संमती लागते, हा नियम कमिटीने त्या दिवशी पहिल्यांदा वाचला.

हल्ली सोनाली सकाळी थेट कतारगामला जाते. यंत्रणा पास करते ती नावं पुष्पाबाईंना वाचून दाखवते. "दुकान कोठे शे त्याचं?" त्या विचारतात. पॉलिस्टरला पैठणी म्हणून विकणाऱ्याला यंत्रणेने क्षणात नाव दिलं होतं, ते त्यांनी रद्द केलं. सोनालीला घरी पोचायला उशीर होतो. खूप काम आहे, म्हणून ती वडिलांजवळ कुरकुरते आणि ते सांगताना तिचा चेहरा खुललेला असतो.

योगराजभाईही अधूनमधून कतारगामला घारीच्या मिठाईचा डबा घेऊन येतात आणि प्रमुखपदाचा विषय काढतात. पुष्पाबाई डबा ठेवून घेतात, चहा पाजतात आणि बघू म्हणतात.