किल्ली, गुलाब, खुर्ची

माझा धाकटा भाऊ विसरभोळ्या म्हाताऱ्यांचा डॉक्टर आहे. विसरभोळे म्हटलेलं त्याला खपत नाही, स्मृतिभ्रंश म्हणायचं. दवाखान्याच्या भिंतीवर पाच प्रमाणपत्रं आहेत. सहावं आईच्या नावाचं लावायला हवं होतं, पण हे बोलायला गेलं की साहेब घड्याळ बघतात.

मेंदूच्या डॉक्टरकीच्या परीक्षेचा अभ्यास तो आमच्या स्वयंपाकघरात करायचा. सरावाला पेशंट कुठून आणणार? आई होती. ती भांडी घासत असायची आणि हा ओट्याला टेकून सांगायचा, "तीन शब्द लक्षात ठेव. किल्ली, गुलाब, खुर्ची." मग शंभरातून सात-सात वजा करायला लावायचा, आणि पाच मिनिटांनी शब्द विचारायचा. वर्षभर, रोज. नापास झाला, तेव्हा आणखी एक वर्ष. मला झोपेतून उठवलंत तरी ते शब्द सांगेन.

पास झाला, आधी लकव्याच्या वॉर्डात राबला, मग या आजाराकडे वळला. लांबून माणसं येतात. एकेकाचं तासभर ऐकून घेतो, हे मी नाकारत नाही. माझं ऐकायला त्याला तेवढा वेळ नव्हता.

गेल्या वर्षी आई गॅस चालू ठेवून शेजारी जाऊन बसू लागली. तिसऱ्या मजल्यावर एकटी राहते. मी त्याला म्हटलं, तिला एकटं ठेवण्यात अर्थ नाही, नीट तपास. त्यानं तपासलं. तेच तीन शब्द, तेच सात-सात. आईनं घडाघडा सांगितलं.

"तीसपैकी अठ्ठावीस, ताई. तू उगाच डोक्यात घेतेस."

"अरे, तुझी प्रश्नपत्रिका तिला पाठ आहे. शब्द तरी बदल."

"माझं काम मला शिकवू नकोस."

आणि मी गप्प बसले. त्याच्यावर आहे त्याहून जास्त राग मला त्या गप्प बसण्याचा आहे.

या मंगळवारी दुपारी आई त्याच्या जुन्या कॉलेजच्या फाटकापाशी सापडली. एकाच पायात चप्पल, डावा तळहात भाजलेला, उजव्या हातात रिकामा डबा. मुलाची परीक्षा आहे, आत सोडा, म्हणून वॉचमनशी भांडत होती.

दवाखान्यात पट्टी बांधून झाली तसं मी दार लावून घेतलं.

"आता नवे शब्द विचार. माझ्यासमोर."

त्यानं स्टूल पुढे ओढलं. "आई, तीन शब्द लक्षात ठेव. टोपी, नदी, चमचा." पाच मिनिटं त्यानं घड्याळावर मोजली. मग त्यानं शब्द विचारले.

आईला आठवावंही लागलं नाही. "किल्ली, गुलाब, खुर्ची."

तो कागदाकडे बघत राहिला. आईनं पट्टीचा हात त्याच्या पाठीवरून फिरवला.

"बरोबर आलं ना सगळं? मग झोप आता जरा. या खेपेला तू नक्की पास होशील."