दिगंबरकाकांनी केलेली घासाघीस

अमेरिकेतल्या शुगर लँडचे आमचे दिगंबरकाका तेलाच्या पाइपलाइनींचे इंजिनिअर. आता निवृत्त. आयुष्यात एकच मर्दुमकी गाजवली : स्वतःच्या लग्नात हुंडा घेतला नाही. नवी ओळख झाली की चहा येण्याआधी ही गोष्ट येते. शरयूकाकू तेवढ्यात कुकर लावून घेतात.

मुलानं, वेदांतनं, ओगेचीशी लग्न ठरवलं तेव्हा काका खूश होते. मुलगी डॉक्टर, हसरी, पुरणपोळी मागून घेणारी. घोडं अडलं ते पुढे. ओगेचीचं घर नायजेरियातल्या इग्बो लोकांचं. त्यांच्यात मुलाकडच्या वडीलधाऱ्यांनी मुलीच्या घरी जाऊन वधूमूल्य ठरवायचं असतं.

"हुंडा घेतला नाही तो मी आता देऊ?" काका कडाडले. "मुलीची किंमत ठरवायला मी येणार नाही!"

"बाबा, सिम्बॉलिक आहे यार. पण तुम्ही नाही आलात तर तिचे डॅड हो म्हणणार नाहीत."

शेवटी काका निघाले, पण चेहरा असा की जणू मयताला चाललेत. मुलाकडची मंडळी कमी पडायला नकोत, म्हणून शेजारी या नात्यानं मलाही गाडीत कोंबलं.

ओगेचीचे वडील न्वोसू यांचा हॉल माणसांनी भरला होता. कोला नावाचं कडूजहर फळ सगळ्यांनी चघळून झालं आणि मुलीच्या चुलत्यांनी काड्यांची एक जुडी काकांपुढे ठेवली. माणसासाठी रकमेचा आकडा तोंडातून काढायचा नाही, म्हणून एकेक काडी म्हणजे ठरावीक रक्कम. जास्त वाटल्या तर परत सारायच्या.

मुलीवरून घासाघीस नको, म्हणून काकांनी तत्त्वनिष्ठपणे अख्खी जुडी उचलली. "कबूल. सगळं आत्ताच देतो."

न्वोसूंचा चेहरा उतरला. चुलते म्हणाले, "साहेब, गाडी घ्यायला आलात का? चेक फाडला, किल्ली घेतली, संपलं?"

मागून काकूंनी मराठीत हाणलं, "अहो, परत सारा! कोथिंबिरीच्या जुडीला भांडता, आणि इथे कसले कर्ण होताय?"

काकांनी चाचरत थोड्या काड्या सारल्या. चुलत्यांनी त्यातल्या काही परत ढकलल्या.

"आमची मुलगी डॉक्टर आहे!"

"आमचा मुलगा भांडी घासतो!" काका नकळत बोलून गेले. हॉलभर हशा पिकला. मग मात्र काका असे रंगले, की दोन्हीकडच्यांनी मिळून त्यांना आवरलं.

न्वोसूंनी ओगेचीला पुढे बोलावलं. "हे मी घेऊ का, बाळा?"

"घ्या, डॅडी."

ती हो म्हणाल्यावरच त्यांनी हात पुढे केला. दोन काड्या ठेवल्या, बाकी काकांच्या मुठीत परत. "मुलगी आम्ही विकत नाही. तुम्ही रीतसर मागायला आलात, एवढंच हवं होतं. आणि हे देणं कधी पुरतं फेडायचंही नसतं. पुरतं फेडलं की सोयरे येईनासे होतात."

काकांनी व्याह्यांना कडकडून मिठीच मारली. मग काकूंकडे वळून म्हणाले, "बघितलंस? आधी मुलीला विचारलं!"

"बघितलं ना. मला कुणी विचारलं होतं?"

काका गडबडले. "मग… आता विचारू?"

"आधी जेवू द्या," काकू म्हणाल्या. "मग सांगते."