छोट्या लाइनच्या पुलावर आई

नर्मदेवरच्या ग्वारीघाटाच्या अलीकडे एका नाल्यावर छोट्या लाइनचा, म्हणजे नॅरोगेज रेल्वेचा, जुना कमानींचा पूल आहे. गाड्या बंद होऊन वर्षं लोटली, रूळही उचलून नेले. आता तिथं फिरायचा रस्ता, बाकडी आणि चहाची दुकानं होणार. त्याआधी पुलाचा इतिहास नोंदवून ठेवायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी कॉलेजात इतिहास शिकवायचे आणि आता निवृत्त आहे. रिकाम्या मास्तरणीच्या गळ्यात गावाची सगळी कामं पडतात.

खरं सांगायचं तर मला पुलापेक्षा बाबा हवे होते. ते याच पुलावर रुळांची देखभाल करणारे गँगमन होते. मी नीट बोलायला लागायच्या आतच ते काविळीनं गेले. घरात त्यांचा एकही फोटो नाही. ते उरले होते फक्त आईजवळ, आणि आई आता विसरत चालली होती. सकाळी मला ओळखायची आणि दुपारी "दीदी, आप कौन?" विचारायची. समोर रेकॉर्डर ठेवला की म्हणायची, "काहून खोदून राहिली पोरी? जेवली का तू?"

म्हणून तिला पुलावरच नेलं. पौषातली सकाळ होती. नर्मदेवरचं धुकं नाल्यातून वर चढलं होतं, कमानींचे पाय त्यात बुडून गेले होते आणि वरचा पूल नुसता तरंगत होता. घाटावरच्या घंटा ऐकू यायच्या, पण कुठल्या बाजूनं ते कळत नव्हतं. सोबत बांधकामाचे एक इंजिनीअर होते, टेपनं मापं घेत. मी रेकॉर्डर सुरू केला.

मधोमध आल्यावर आई थबकली. कठड्यावर तळवा टेकवून उभी राहिली. मग एकदम तिनं माझं मनगट धरलं.

"आली."

आणि इंजिनीअरांना दटावलं, "भैया, लाइन पे काहे खड़े हो? इधर आओ, गाड़ी आ रही है!"

गाडी आली की गँगमनला सरकून उभं राहता यावं म्हणून कठड्याबाहेर एक छोटासा लोखंडी सज्जा काढलेला आहे. त्यात आम्ही तिघं दाटीवाटीनं उभे राहिलो. इंजिनीअर "जी, माताजी" म्हणत आले, टेप गुंडाळून. मला हसू येत होतं, आणि खोटं कशाला बोलू, मीही कान देऊन ऐकत होते. धुक्यातून काहीतरी लांबलचक, संथपणे जात असल्यासारखं वाटलं. आईची नजर खाली, चाकांच्या उंचीवर, हळूहळू सरकत होती.

"आई, खाली काय पाहून राहिली?"

"तुझा बाप पाहे तसंच. गाडी जाऊन राहिली की गँगमनाले चाकाकडं पाहा लागते. काही लोंबते का, काही तापलं का. मी वळलेल्या विड्या ठेकेदाराकडं जमा कराले याच गाडीनं शहरात जावो. पण मान वर नाही करे तो. ड्युटी म्हणजे ड्युटी."

"म्हणजे तुझ्याकडे बघायचेच नाहीत?"

आई लाजली. मी तिला कधी लाजताना पाहिलं नव्हतं.

"शेवटला डबा गेला की चाकं सरली ना. मग वर पाहे. म्हणून मी शेवटल्याच डब्यात बसो, दाराशी."

"मग? हसायचे तुझ्याकडे बघून?"

"माझ्याकडं कायले? माझ्या कडेवर तू राहे. तुलेच पाहे तो. तू इकडून हात हलवे, तो तिकडून. पार गाडी वळेपर्यंत."

मी आयुष्यभर समजत होते की बाबांची आणि माझी ओळखच झाली नाही. कठडा धरून मी ढसाढसा रडले. इंजिनीअर घाबरून पुढे आले. आईनं त्यांना हातानं अडवलं.

"रहने दो, भैया. बाप को देख रही है."