आबांचं प्यादं

कापसाच्या वाळक्या पऱ्हाटीच्या जाळावर भाजणाऱ्या वांग्यांचा वास आला की बोदवडच्या अंगणातली ती दुपार आठवते. घरीच लिहिलेला बुद्धिबळाचा प्रोग्रॅम मी सुधारला होता आणि तो तपासायला वडिलांना लॅपटॉपसमोर बसवलं होतं. डाव रंगात असताना ते थबकले. "माह्यं प्यादं कुठी गेलं रे?" "आबा, ते मघाशीच मारलं गेलं." "नाई. मी मारू देलंच नाई." मी आईकडे पाहिलं. महिन्याभरात ते दोनदा बाजारातून येताना घराचा रस्ता चुकले होते, आणि त्यांना विसर पडू लागलाय, हाच संशय आमच्या दोघांच्या मनात आला. आबा उठले, भरिताला शिवलेही नाहीत. संध्याकाळी मी डावातली चाल न् चाल तपासली. ते प्यादं कुणीच मारलं नव्हतं. स्वतः खेळण्याआधी पुढच्या चाली आजमावून त्या मागे घेताना माझाच प्रोग्रॅम ते पटावरून पुसून टाकत होता. मी धावत जाऊन सांगितलं. "म्हंजे मी बरोबर व्हतो?" आबा एवढंच म्हणाले. पुढे जळगावच्या डॉक्टरांनी विसरण्याचा आजार खराच असल्याचं सांगितलं. पण त्या दुपारी चूक त्यांची नव्हती, आणि मी न तपासताच ती त्यांच्यावर टाकली, हे मला अजून टोचतं.