चार्जिंगच्या शेडमधलं निरांजन

बुधाजीला खुर्ची टोचते. आमच्या पनवेलच्या टाउनशिपमध्ये म्हाताऱ्यांना गेटपासून बिल्डिंगपर्यंत नेणाऱ्या गोल्फ कार्ट आहेत. त्यांच्या बॅटऱ्या हा सांभाळतो, आणि त्या चार्जिंगला लावल्या की याच्या पायाला भिंगरी लागते. पंखा फिरतोय ना? शटर वर आहे ना? कुणी बिडी तर ओढत नाही ना? शेड माझ्या ऑफिससमोरच. त्याच्या येरझाऱ्या बघून मलाच धाप लागते. "बुधाजी, बसा की घटकाभर!" म्हटलं तर म्हणतो, "बॅटरी भरताना ग्यास सोडते, साहेब. वास नाय, रंग नाय. कोंडली की एक ठिनगी बास."

दसऱ्याला शेडमध्ये गाड्यांची पूजा होते. मान त्याच्या बायकोचा, जनीचा. ती इथेच बागेत काम करते. एरवी बुधाजी आदल्या दिवशीच चार्जर बंद करतो. यंदा पाहुणे फार, म्हणून गाड्या सकाळीही चार्जिंगला होत्या. सगळ्या वॉचमनना दहादा बजावून तो झेंडू आणायला बाजारात निघाला. बायकोला सांगायचं राहिलं. घरच्या माणसाला सगळं ठाऊकच असतं, असं आपण धरून चालतो.

जनीच्या जिवाला वेगळाच घोर. गेल्या दसऱ्याला पंख्याच्या वाऱ्याने निरांजन विझलं आणि त्याच वर्षी सून अंथरुणाला खिळली. यंदा तिने खिडक्या लावल्या, पंखा बंद केला, शटर खाली ओढलं आणि गाड्यांना हळदकुंकू लावू लागली.

बुधाजी अर्ध्या वाटेवरूनच परतला. झेंडू नाही, काही नाही. का परतलास, तर म्हणे चैन पडेना. बंद शटर दिसताच त्याने स्कूटर तशीच आडवी टाकली.

"जने, काडी ओढू नको! भायेर ये!"

वॉचमन पंख्याच्या बटणाकडे धावला, तर त्याच्यावरही खेकसला, "बटनाला हात नको! ठिनगी परेल!" शटर जपून वर घेतलं आणि जनीला मनगट धरून ओढत बाहेर आणलं. तिच्या मुठीत काडेपेटी होती. ताट उपडं झालं, हळद सांडली. पाहुणे बघतच राहिले.

"सनासुदीला चार मानसांत माज्यावर वरडलात?" जनीचे डोळे भरून आले.

बुधाजी तिथेच फरशीवर मटकन बसला. हा माणूस बसला, हे पाहून मला खरंच भीती वाटली.

"आत तू व्हतीस, जने," एवढंच तो म्हणाला.

तिने वळून शेडकडे पाहिलं. मग तीही गुपचूप त्याच्याशेजारी बसली.

शेडला भरपूर हवा लागली, मगच चार्जर बंद झाले. निरांजन मात्र बुधाजीने लांब, बागेच्या कट्ट्यावर मांडायला लावलं. काडी ओढायला गेला तर दोन काड्या मोडल्या. शेवटी जनीनेच वात लावली. खाडीकडून वारा आला आणि ती लगेच विझली. जनीचा चेहरा पांढराफटक पडला.

"विजूंदे," बुधाजी म्हणाला. "वारा हाय म्हनून तू हायस."